व्हरांड्यातली पेटी

लंकामावशींचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घेतली तर कुणी शेजारधर्म म्हणून हसायला नको. आमच्या अग्निशमन केंद्राच्या मागे कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आहेत, तिथे तळमजल्यावर आमची दारं शेजारी-शेजारी. त्या दारात लसूण सोलायला बसतात, सालं उडून माझ्या रांगोळीवर येतात. मी बोलले की म्हणतात, "बरं." दुसऱ्या दिवशी सालं पुन्हा तिथंच. त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्या क्वार्टर्सला ठाऊक आहे, पण ते सोयीपुरतं कमी येतं असं माझं पक्कं मत होतं. सरकारी शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन त्यांनी लवंगांच्या डबीत ठेवून दिलंय, का तर ते शिट्ट्या मारतं.

मी इथल्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. नाशकात कुठे आग लागली, झाड पडलं, विहिरीत गाय पडली की फोन माझ्यासमोर वाजतो. त्या निरोपाला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी आली की वायरलेसवरून जवळच्या केंद्राची गाडी सोडायची आणि ती परत येईपर्यंत तिची खबर ठेवायची, हे माझं काम. आमचा जुना वायरलेस म्हणजे सार्वजनिक नळ होता. शहरातली सगळी केंद्रं एकाच चॅनलवर. एक बोलला की बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, आणि दोघं एकदम बोलले तर कुणाच्याच घागरीत काही पडायचं नाही. त्यात खरखर इतकी की घरी आल्यावरही माझ्या कानात पापड तळले जात असायचे.

त्या सेटची एक वायर फार पूर्वी कुणीतरी भिंतीला भोक पाडून मागच्या व्हरांड्यात नेली होती आणि तिला लाकडी पेटीतला एक मोठा स्पीकर जोडला होता. सुट्टीवरच्या जवानांना मोठी वर्दी कळावी हा मूळ हेतू. जवानांनी कधी ऐकलं देव जाणे, पण बायका मात्र ऐकायच्या. "गाडी केंद्रात परत" असं पेटी बोलली की त्या-त्या घरात कुकर चढायचा. कंट्रोल रूमची मागची खिडकी त्याच व्हरांड्यात, आमच्या दारांसमोरच उघडते. पेटीतून माझाच आवाज माझ्या पाठीत यायचा, म्हणून मी ती खिडकी बारा महिने बंद ठेवायची.

पेटीशेजारची जागा लंकामावशींची. त्या पाटावर बसायच्या, मांडीवर सूप नाहीतर लसणाची टोपली, आणि डावा हात पेटीवर ठेवलेला. शेजारी म्हैस बसली असावी तसा. त्यांचा मुलगा हर्षल नदीपलीकडच्या केंद्रात गाडी चालवतो, आमच्या भाषेत तीन नंबरची गाडी. सकाळी गेला की दुसऱ्या सकाळी येतो. तो वर्दीवर गेला की परत आल्याचं कळेपर्यंत मावशींच्या तोंडात घास जायचा नाही. हे व्रत त्यांच्या नवऱ्यापासूनचं. चिमाजी ठोंबरेही याच खात्यात होते. माणूस अबोल. वर्दीहून परत आले की वायरलेसवर नेमके तेवढे शब्द बोलायचे आणि मग बटण दोनदा नुसतं दाबून सोडायचे. जुन्या सेटवर नुसतं बटण दाबलं तरी समोर खट्ट व्हायचं आणि व्हरांड्यातली पेटी धप्प करायची. धप्प, धप्प. म्हणजे आलो, भाकरी टाक.

चिमाजी गेले, हर्षल आला, आणि बापाची खोड त्यानं जशीच्या तशी उचलली. बोलायचं नसेल तर बटण दाबू नये हा वायरलेसचा पहिला नियम. मी त्याला चॅनलवर सगळ्यांच्या देखत झापलेलं आहे. तो नम्रपणे "हो मॅडम" म्हणायचा आणि दोनदा बटण दाबायचा. मागे व्हरांड्यात पाट सरकल्याचा आवाज यायचा, मग तव्याचा. जित्याची खोड, दुसरं काय.

मग सिंहस्थाची तयारी सुरू झाली आणि त्या गडबडीत आमचं नशीब उघडलं. वायरलेस डिजिटल होणार, ट्रंकिंग का काय ते येणार अशी ऑर्डर निघाली. ते बसवायला देवव्रत नावाचा इंजिनिअर आला, पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातला. घरच्यांनी यजमानांना संकल्प सांगावा तितक्या सावकाश आणि न कंटाळता तो आम्हाला समजावायचा. आता प्रत्येक केंद्राचा गट वेगळा. ज्याला बोलायचं त्यानं बटण दाबलं की यंत्रणा त्याला मोकळी वाट शोधून देणार, वाट मिळाली की बीप वाजणार, मग बोलायचं. एका केंद्राचं बोलणं दुसऱ्याच्या मध्ये येणार नाही. माझ्या स्क्रीनवर सगळे गट दिसणार, कोण बोलतंय त्याचा नंबर उजळणार. आणि खरखर अजिबात नाही.

पहिल्या दिवशी मला रडूच यायचं बाकी होतं. इतकी वर्षं ज्यांच्याशी बोलत होते त्यांचे आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. एकाला सर्दी झालेली मला इथे बसून कळली. नव्याचे नऊ दिवस म्हणा हवं तर, पण माझे अजून संपलेले नाहीत. जुना सेट चांगला होता असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. वर हर्षलची ती खट्टखट्टही बंद झाली. नव्या सेटवर न बोलता बटण दाबलं तर समोरच्याकडे काहीच वाजत नाही. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पेटीही गेली. तिची वायर ज्या सेटला होती तो सेटच नव्हता, मग पेटी ठेवून करायचं काय? देवव्रतच्या माणसांनी ती उतरवली आणि भंगारात टाकायला स्टोअरमध्ये नेली. मावशींनी मला विचारलं, माझी पेटी कुठं नेली. मी ओरडून सांगितलं की आता नवीन आलंय, हर्षल तुम्हाला फोन करेल. मावशी म्हणाल्या, "बरं."

तिथून त्यांचं जेवण बिघडलं. हर्षल परत आला की फोन करायचा, पण फोन म्हणजे त्यांच्या कानाला मुंगी. मग तो शेजारी कुणालातरी करायचा आणि ती बाई जाऊन ओरडायची, "आला बरं का हर्षल, जेवा आता." मावशी मान हलवायच्या, बरं म्हणायच्या आणि भाकरी झाकून ठेवायच्या. दुसऱ्या सकाळी तो दारात उभा राहिला की मगच ताट वाढायच्या. मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या म्हणून वेळेवर घ्यायच्या, उपाशीपोटी. एकदा नळावर चक्कर येऊन बसल्या. हर्षल घाबरला. तो मला म्हणाला की साहेबांकडे अर्ज करतो, मला गाडीवरून काढून इथल्या स्टोअरमध्ये द्या म्हणतो. गाडी चालवण्याशिवाय ज्याला जगात दुसरं काही आवडत नाही, तो पोरगा स्टोअरमध्ये पाइप मोजणार होता. मला मावशींचा भयंकर राग आला. एवढा हट्ट? सगळं गाव सांगतंय, तरी विश्वास नाही?

मी देवव्रतला गाठलं. त्यानं साहेबांची परवानगी काढली आणि एक नवा सेट तीन नंबरच्या गटावर लावून, फक्त ऐकण्यापुरता, व्हरांड्यात पेटीच्या जागी ठेवून दिला. आवाज पूर्ण मोठा. आता चाळीसगावपर्यंत ऐकू जाईल, असं मी त्याला म्हटलं. मावशींनी सेटवर डावा हात ठेवला आणि बरं म्हणाल्या.

त्याच सुमाराला माझ्या स्क्रीनवर एक भूत आलं. तीन नंबरच्या गटात मधूनच एक अनोळखी नंबर उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा, विझायचा. आवाज काही नाही. मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय, तर उत्तर नाही. यंत्रणेत बिघाड आहे म्हणून मी रीतसर तक्रार केली. देवव्रत म्हणाला, बघतो.

मग तो सोमवार आला. सकाळी आडगावच्या बाजूला एका गोदामाला आग लागली. द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके आणि थर्माकोल, म्हणजे धुराला तोटा नाही. तीन नंबरची गाडी पहिली पोचली. लोकांनी मोबाइलवर व्हिडिओ टाकले, खाली कुणीतरी लिहिलं की एक जवान आत अडकलाय. खोटं होतं, मी कंट्रोलला होते, मला माहीत होतं. पण क्वार्टर्समध्ये तो व्हिडिओ माझ्याआधी पोचला होता. आग विझली आणि दुपारी माझी ड्यूटी संपली. मी मागे आले तर लंकामावशी पाटावर, हात सेटवर, चेहरा कोरा. चूल थंड. सकाळपासून पाणीसुद्धा नसावं.

मी त्यांच्यासमोर उभी असतानाच सेट बोलला. हर्षलचाच आवाज, समोर उभा राहून बोलावा इतका स्वच्छ. "कंट्रोल, तीन नंबर गाडी केंद्रात परत. सर्व सुखरूप." वरच्या मजल्यावरच्या बायकांनीही ऐकलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मी मावशींकडे बघून हसले.

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अजून काय बोललं नाय ना ते?"

त्यांचा हात सेटवर तसाच होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. या बाईला पेटी कधीच ऐकू येत नव्हती. गेली कित्येक वर्षं नाही. शब्द तर सोडाच, खरखरही नाही. ती तळहातानं ऐकत होती. त्या जाड लाकडी पेटीचा धप्प, धप्प तिच्या हाताला लागायचा, आणि तेवढ्यावर ती तवा टाकायची. नवा सेट गोड आवाजात बोलत होता आणि तिच्या हाताखाली दगड होता.

मी जवळ बसून तोंड अगदी समोर नेऊन म्हटलं, आला, हर्षल आला. मावशींनी नाही अशी मान हलवली. मी म्हटलं, खरंच आला, मी आत्ता ऐकलं. तेव्हा त्या बोलल्या. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला एवढं सलग कधी काही सांगितलं नव्हतं.

"येवल्याला लग्नात ह्यांच्या छातीत दुखाया लागलं. मला बायकांत बसवलं. जी यायची ती सांगायची, बरे हाय, चहा पिले, आता येत्यात. लय गोड सांगायच्या. मग जीप आली." त्यांनी सेटवरचा हात उचलून मांडीवर घेतला. "तोंडानं कुनी बी सांगतं, ललिता. तुझं खोटं नाय. पर मला नाय पटत."

मी हर्षलला फोन लावला, चेहरा तरी दाखवू म्हणून. फोन त्याच्या लॉकरमध्ये वाजत राहिला असणार. गाडी धुतल्याशिवाय ते हात मोकळे करत नाहीत. मावशींच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ थरथरत होते. मी साखर आणायला धावले. ती तोंडात घालायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. माझा संताप झाला, आणि संतापातच मला दुसरं काही सुचलं नाही, मी त्यांचा डावा हात ओढून घेतला आणि तळहातावर माझ्या मुठीनं दोनदा मारलं. धप्प, धप्प.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत विचारलं, "त्यानं सांगितलं?"

मी होकाराची मान डोलावली. खरं तर त्यानं शब्दांत सांगितलं होतं, ठोक्यांत नाही. पण त्या घडीला मी वकिली करत बसणार नव्हते. मावशींनी साखर खाल्ली, पाणी प्याल्या आणि भिंतीला धरून उठून पिठाच्या डब्याकडे गेल्या. मी तिथंच पाटावर बसून रडले. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

आपण खोटं बोललो हे मात्र डोक्यातून जाईना. या बाईला आयुष्यात एकदाच गोड खोटं सांगितलं गेलं, त्याचं तिनं एवढं केलं, आणि तिच्या एकुलत्या एका खऱ्या खुणेचं मी खोटं नाणं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवव्रत लॅपटॉप घेऊन माझं भूत धरायला आला. त्याला ते लगेच सापडलं. यंत्रणेत बिघाड नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, हा हर्षल ठोंबरेंचा हातातला सेट आहे, बोलतात ते गाडीतल्या सेटवरून. प्रत्येक वर्दीहून परत आल्यावर ते दोनदा बटण दाबतात आणि काही बोलत नाहीत. कालही दाबलंय. आवाज नसतो, पण कोणी दाबलं ते यंत्रणेला कळतं, म्हणून नंबर उजळतो. एक सेटिंग बदलतो, दिसणार नाही."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, अजिबात हात लावू नका.

काही वाजत नाही हे हर्षललाही ठाऊक होतं, आणि पेटी भंगारात गेली हेही. तरी तो पोरगा रोज दाबत होता. आणि ते कुठेच जात नव्हतं असंही नाही. ते थेट माझ्यासमोर येत होतं, आणि मी त्याची तक्रार करत होते. मी खोटं बोललेच नव्हते. त्यानं सांगितलं होतं.

देवव्रतला मी सगळं सांगितलं.  तो म्हणाला की जुन्या पेटीत पुन्हा धप्प आणायचं म्हटलं तर यंत्रणेला बाहेरचं काहीतरी जोडावं लागेल आणि त्याची परवानगी त्याला कुणी देणार नाही, त्यालाही ते बरोबर वाटत नाही. तो उठला, व्हरांड्यात जाऊन आला, आणि मला विचारलं की ही मागची खिडकी उघडते का. गंजली होती. त्यानं आणि मी मिळून खोबरेल घालून उघडली. बाहेर लोखंडी गज. जुन्या काळचे, अंगठ्याएवढे जाड.

आता मावशींचा पाट खिडकीखाली असतो. लसूण, टोपली, सगळं तिथं. डावा हात गजावर. माझ्या स्क्रीनवर तीन नंबरच्या गटात नंबर दोनदा उजळला की मी पेपरवेटनं गजावर दोन ठोके देते. मी नसले तर ज्याची पाळी असेल तो देतो. नव्या ऑपरेटरला वर्दी घ्यायच्या आधी ते शिकवलेलं असतं. हर्षलनं अर्ज केला नाही. साहेब एकदा आत आले, मला गजावर ठोकताना बघितलं, काय चाललंय विचारणार होते, पण बाहेर मावशींना बघून नुसतेच गेले. चिमाजी त्यांच्याच हाताखाली होते.

परवाची गोष्ट. भर दुपारी एका गॅरेजची छोटी आग, तासाभरात विझली. हर्षल बोलला, गाडी परत, सर्व सुखरूप. नंबर उजळला, विझला, उजळला, विझला. मी गजावर दोन ठोके दिले आणि पाट सरकायची वाट बघू लागले. पाट सरकला नाही. मी वळून पाहिलं तर मावशी उभ्या राहून खिडकीतून आत बघत होत्या. हातात लसणाची सुरी होती. तिच्या मुठीनं त्यांनी गजावर दोनदा वाजवलं.

"ह्ये त्याला कळंल का?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं तोच सांगतो. मी कधी सांगितलंच नाय."

जुन्या पेटीला नुसतं बोलता यायचं, परत काही धाडता यायचं नाही. हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी टेबलाशी आले, तीन नंबरचा गट निवडला आणि बटण दाबून सोडलं. बीप वाजला. पुन्हा दाबून सोडलं. एक शब्द बोलले नाही. नियम कुणी मोडला ते माझ्या नावासकट यंत्रणेत नोंदलं गेलं असेल, जाऊ दे. हर्षलच्या हातातल्या सेटच्या छोट्या काचेवर 'कंट्रोल' असं दोनदा उमटलं असणार.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कंट्रोल, काही संदेश आहे का?"

मी बटण दाबलं, बीप होऊ दिला. म्हटलं, "माझा नाही. खिडकीतून आहे."

   मग त्याचा नंबर दोनदा उजळला. मी गजावर ठोके द्यायला वळले, तर मावशी तिथं नव्हत्या. पाट सरकला होता, आणि तव्यावर पाणी टाकल्याचा चर्र आवाज आला.

लसणाची सालं माझ्या रांगोळीवर पसरली होती. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर मी ती झाडून काढली आणि काही बोलले नाही.